बॅटरीची खोली कुठे आहे?

गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या महाप्रसादाची पंगत बसली होती. माझ्या शेजारी आमचे एक डॉक्टर मित्र होते. आपल्या दुबईत विजेच्या मोटारींचा कारखाना निघाल्याचे त्यांनी कुठेतरी वाचले होते, आणि वरणभात यायला अवकाश होता, म्हणून त्यांनी मला विचारले, "काय हो, तुम्ही कारखान्यातले माणूस. अशा ठिकाणी रोबो किती लागतात?"

मी म्हटले, "डॉक्टर, रोबोंचे नंतर पाहू. आधी बॅटरीची खोली कुठे आहे ते विचारा."

त्यांना वाटले, मी थट्टा करतो आहे. तेवढ्यात वरणभात आला, पण तूप आले नाही. तूपवाला पार दाराजवळच्या रांगेत अडकला होता. भाताच्या मुदी पुढ्यात घेऊन शंभर माणसे हात आवरून बसली. मी डॉक्टरांना म्हटले, "हे पाहा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर." ते हसले, पण त्यांचे समाधान झाले नसावे. संपादकांनी ते संभाषण ऐकले आणि लेखाचा तगादा लावला. तेव्हा हा लेख डॉक्टरांसाठी, आणि विजेच्या गाडीचे बुकिंग करून महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्या आपल्यापैकी सगळ्यांसाठी.

पंगतीत पाने जागेवर असतात आणि वाढपी फिरतात. कारखान्यातल्या जुळणीच्या लाइनवर नेमके उलटे असते. वाढपी जागेवर उभे असतात आणि पान पुढे सरकते. मीठ वाढणारा फक्त मीठ वाढतो, चटणीवाला फक्त चटणी. प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळतो आणि तो संपला की पान पुढच्याकडे गेलेच पाहिजे. या ठरावीक वेळेला आमच्या धंद्यात 'टॅक्ट' म्हणतात. तो काढायचे गणित तिसरीच्या मुलालाही जमेल. दिवसात कामाची मिनिटे किती, त्यांना दिवसात हव्या असलेल्या गाड्यांच्या संख्येने भागायचे. आठ तासांत म्हणजे ४८० मिनिटांत २४ गाड्या हव्या असतील तर टॅक्ट २० मिनिटांचा. दर वीस मिनिटांनी एक गाडी दाराबाहेर पडली पाहिजे.

इथे पुष्कळांचा एक घोटाळा होतो. एक गाडी तयार व्हायला किती वेळ लागतो आणि किती वेळाने एक गाडी बाहेर पडते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुबई मेट्रोने एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला तासभर लागतो, पण म्हणून फलाटावर कोणी तासभर उभे राहत नाही, काही मिनिटांत पुढची गाडी येते. कारखान्याचे उत्पादन म्हणजे ही दोन गाड्यांमधली मिनिटे. आणि ती ठरतात सगळ्यांत संथ स्टेशनवर. बाकीची एकोणीस स्टेशने विजेसारखी चालली आणि विसावे रेंगाळले, तर वेग त्या विसाव्याचा. तूपवाल्याचा.

आता हे संथ स्टेशन संथ का असते? शंभरातले नव्वद जण म्हणतील, माणूस आळशी आहे किंवा यंत्र जुने आहे. माझा तीसेक वर्षांचा अनुभव असा की बहुतेक वेळा माणूस काम करतच नसतो, तो चालत असतो. खोके आणायला, हत्यार शोधायला, फोर्कलिफ्टची वाट पाहायला. आणि तो किती चालणार हे तो कामावर रुजू होण्याच्या वर्षभर आधी, कोणीतरी कागदावर कारखान्याचा नकाशा काढताना ठरवून टाकलेले असते.

तीन कारखान्यांचे आकडे पाहू. एक आपल्या इथला, दोन आपल्या पुण्याकडचे.

दुबई इंडस्ट्रियल सिटीत एम ग्लोरी समूहाने २०२२ साली विजेच्या मोटारींचा कारखाना सुरू केला. 'अल दमानी' ही त्यांची गाडी. जागा ४५,००० चौरस फूट, सुरुवातीची क्षमता वर्षाला १०,००० गाड्या, आणि पुढे मोठ्या जागेत ५५,००० असे तेव्हा जाहीर झाले होते. वर्षाचे ३०० दिवस आणि दिवसाला साडेसात तासांची एक पाळी धरा. १०,००० गाड्यांना टॅक्ट येतो साडेतेरा मिनिटांचा.

दुसरा चाकणचा. महिंद्रांनी बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांपुढे आणल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा चाकणचा कारखाना दाखवला. जाहीर क्षमता वर्षाला ९०,०००. दोन पाळ्या आणि एकच लाइन धरली तर टॅक्ट तीन मिनिटे.

तिसरा आकुर्डीचा, आणि इथे चिंचवडकर असल्यामुळे माझा स्वर जरा हळवा होईल. १९७२ साली आलेला बजाजचा चेतक ज्या आकुर्डीत तयार व्हायचा, तिथली गाड्यांची निर्मिती २००७ साली थांबली. ज्या घरांत वडिलांनी चेतकसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून ठेवला होता, त्या घरांना ती बातमी कोणी गेल्यासारखी वाटली. त्याच आकुर्डीत जून २०२२ मध्ये विजेच्या चेतकसाठी नवा कारखाना उभा राहिला, वर्षाला पाच लाख स्कूटरच्या क्षमतेचा. दोन पाळ्यांचे तेच गणित केले तर टॅक्ट येतो सुमारे ३२ सेकंदांचा. समजा, त्यांनी दोन लाइनी टाकल्या, तरी प्रत्येकीवर एक मिनिट आणि वर चार सेकंद.

आता कल्पना करा की तिन्ही ठिकाणी नकाशा काढणाऱ्याने एकच चूक केली. नटबोल्टचे खोके फिटरपासून पाच मीटर लांब ठेवले. जाऊन येऊन दहा मीटर, म्हणजे साधारण नऊ-दहा सेकंद. साडेतेरा मिनिटांच्या टॅक्टमध्ये हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. उलट माणसाचे पाय मोकळे होतील. चाकणला तीन मिनिटांत दहा सेकंद म्हणजे फिटरच्या वेळातला अठरावा हिस्सा. आणि ३२ सेकंदांत दहा गेले तर जवळजवळ एकतृतीयांश काम बुडाले. म्हणून मांडणी चांगली की वाईट हा प्रश्न हवेत विचारून उपयोग नाही, टॅक्ट किती ते आधी सांगावे लागते. दुबईतल्या छोट्या कारखान्यात चाकणसारखे कन्व्हेयरचे जाळे टाकणे म्हणजे चार माणसांच्या जेवणाला आचारी आणि मांडव बोलावण्यासारखे आहे.

मांडणीचा हा महिमा नवा नाही. हेन्री फोर्डने १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सांगाडे सरकत्या लाइनवर घातले, तेव्हा एक सांगाडा जुळवायला लागणारे साडेबारा तास वर्षभरात दीड तासावर आले. माणसे तीच, हत्यारे बरीचशी तीच. बदलले ते एवढेच की काम माणसाकडे चालत येऊ लागले.

मग विजेच्या गाडीत वेगळे ते काय? वरवर पाहता सगळे सोपे झाले आहे. इंजिन नाही, गिअरबॉक्सचे लचांड नाही, पेट्रोलची टाकी आणि धुराची नळी नाही, म्हणजे लाइनवरची कितीतरी स्टेशने गळाली. पण त्या बदल्यात एकच धोंड गळ्यात आली. बॅटरी. मोठ्या गाडीचा बॅटरी पॅक चारपाचशे किलोंचा, डबल-बेडच्या गादीएवढा पसरट, आणि तो गाडीच्या पोटाखालून वर चढवावा लागतो. इंजिन जड असले तरी आटोपशीर असते, साखळीला लटकवून नेता येते. पॅकला सपाट वाट लागते, उचलायला खास गाडा लागतो, जोडताना उच्च दाबाच्या विजेची काळजी आणि वेगळी हत्यारे लागतात. म्हणून तो जितका लाइनच्या जवळ तितके बरे, असे उत्पादनवाला म्हणतो. आणि लिथियमचे पॅक एकदा पेटले तर लवकर विझत नाहीत, म्हणून ते लाइनपासून जितके दूर तितके बरे, असे अग्निशमनवाला म्हणतो. दोघेही बरोबर असतात. कारखान्याचा नकाशा म्हणजे या दोघांचे भांडण मिटवणे. डॉक्टरांना मी विचारलेला प्रश्न हाच होता.

जर्मनीत लाइपझिगला बीएमडब्ल्यूचा २००५ साली सुरू झालेला कारखाना आहे. त्याची जुळणीची इमारत फणीसारखी आहे. मधल्या दांड्यावर मुख्य लाइन, आणि बाजूला फणीचे दाते. मालाचे ट्रक दात्यांमधल्या खाचेत शिरतात आणि जिथे माल लागतो तिथल्याच दाराशी उतरवतात. काम वाढले तर मुख्य लाइन न थांबवता एखादा दाता लांबवायचा. पुढे २०१३ ते २०२२ या काळात याच कारखान्यात त्यांची विजेवरची आय ३ तयार झाली. (मधली कार्यालयाची इमारत झाहा हदीद बाईंनी आखली. तिथे कारकुनांच्या डोक्यावरून मोटारींचे सांगाडे सरकत जातात. कारकुनांना काम सुचते कसे, देव जाणे.)

उलट उदाहरण टेस्लाचे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटच्या कारखान्यात मॉडेल ३ साठी त्यांनी कन्व्हेयरचे मोठे जाळे आणि शक्य तिथे रोबो बसवले, आणि नेमके उत्पादन अडले. बॅटरीवर फायबरची पातळ चटई ठेवायला एक रोबो होता, त्याला ती पोकळ वस्तू धड उचलता येईना. पुढे कळले, ती चटई नसली तरी चालते! जास्त यांत्रिकीकरण ही आपलीच चूक होती असे मस्क यांनी एप्रिल २०१८ मध्ये स्वतः मान्य केले. कन्व्हेयरचे ते जाळे काढून टाकले. आणि जून २०१८ मध्ये आवारात मोठा तंबू ठोकून त्यात आणखी एक साधी, माणसांवर चालणारी लाइन टाकली. त्या महिन्याच्या अखेरीस आठवड्याला ५,००० गाड्यांचा टप्पा त्यांनी गाठला. तंबू पाहून जग हसले होते. मी हसलो नाही. त्याला कारण आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट.

शारजात एका कंपनीसाठी मी विजेच्या छोट्या गाड्यांची लाइन आखली. हॉटेलांत, मोठ्या आवारांत सामान आणि माणसे ने-आण करतात तशा चारचाकी गाड्या. सुटे भाग कंटेनरमधून यायचे, आम्ही जुळणी करायची. शेडला भाडे जबर, म्हणून मालकांनी आधीच बजावले होते की गोदाम नको, माल कंटेनरमधून थेट लाइनवर घ्यायचा. मी कागदावर सुंदर नकाशा काढला. इंग्रजी यू अक्षरासारखी लाइन, म्हणजे सुरुवात आणि शेवट एकाच दाराशी, एका सुपरवायझरची दोन्हींवर नजर. बॅटरीचे पॅक मधल्या मोकळ्या जागेत, लाइनपासून दोन मीटरवर. दिवसाला २४ गाड्या, टॅक्ट २० मिनिटे. हे सगळे २०२३ च्या फेब्रुवारीत, जेव्हा शारजात संध्याकाळी अंगात स्वेटर घालावासा वाटतो.

पहिला फटका एप्रिलमध्ये बसला. गाड्या दिवसाला १९ च्या वर जाईनात. मालक म्हणाले, माणसे टंगळमंगळ करतात, आणखी दोन घ्या. मी दोन दिवस शेडमध्ये उभा राहिलो तेव्हा कळले. लाइनच्या शेवटी प्रत्येक गाडी चार्जरला लावून, ब्रेक आणि वायरिंग तपासून सोडायला ५० मिनिटे लागत होती, आणि तपासणीच्या जागा मी दोनच ठेवल्या होत्या. पन्नास भागिले दोन, पंचवीस. दर पंचवीस मिनिटांनी एक गाडी, म्हणजे दिवसाला एकोणीस. लाइनवर दहा माणसे वाढवली असती तरी एकोणीसच. तिसरी जागा आणि तिसरा चार्जर केला आणि आठवड्यात २४ झाल्या. मी स्वतःवर खूश होतो.

मग १५ जून उजाडला. आपल्या सर्वांना ठाऊक आहे, या देशात २००५ पासून उन्हाळ्यात मध्यान्ह-विश्रांतीचा नियम आहे. आता १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उघड्यावर उन्हात काम बंद. आणि माझ्या नकाशात कंटेनर रिकामा करायची जागा होती उघड्या आवारात. शेडच्या आत माल साठवायला हातभर जागा नव्हती. दुपारी एक वाजला की लाइन रिकामी. फिटर वातानुकूलित शेडमध्ये हातात टॉर्क रेंच घेऊन उभे आणि कंटेनर बाहेर तापत पडलेला. गाड्या सतरावर आल्या.

सुपरवायझरने त्याच्या परीने तोड काढली. साडेबाराच्या आत जेवढे उतरवता येईल तेवढे उतरवायचे. अकरापासून आवारात नुसती धावपळ. नियम कुठेही मोडत नव्हता. चौथ्या दिवशी बाराच्या सुमाराला एक हमाल पोरगा सांगाड्याची चौकट खाली ठेवता ठेवता बसला आणि मग आडवा झाला. त्याला आत आणले, पाणी मारले, दवाखान्यात नेले. तिसऱ्या दिवशी तो कामावर आला, आणि मला बघून उगाचच ओशाळला, जणू चूक त्याची होती.

माझ्या कार्यालयात भिंतीवर तो नकाशा टांगलेला होता, रंगीत, खाली माझी सही. त्यात दारे होती, खांब होते, पंखे होते, आगीच्या बाटल्या होत्या. जून महिना नव्हता.

आमच्याकडे कागलकडचा एक फिटर होता. मी त्याला नकाशापुढे उभे केले आणि म्हटले, "तुला काय दिसते ते सांग." त्याने बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "सायेब, एका गाडीचं समदं सामान ताटात वाढल्यागत एका ढकलगाडीवर दिलं, तर आमाला हिंडायला लागतंय कशाला? आन् तसली ताटं सकाळीच भरून आत ठेवली, तर दुपारी भायेर जायाचं कामच काय?"

या गोष्टीला पुस्तकात भारदस्त नाव आहे. पण ताट हा शब्द मला जास्त पटला आणि आमच्या शेडमध्ये तोच रूढ झाला. मल्याळी आणि नेपाळी पोरेसुद्धा 'ताट' म्हणतात.

गणित सोपे होते. अडीच तास म्हणजे १५० मिनिटे, टॅक्ट २०, भागाकार साडेसात. म्हणजे आठ गाड्यांची आठ ताटे साडेबारापूर्वी आत तयार हवीत. अडचण जागेची. आठ ढकलगाड्यांना जी जागा लागली ती मालकांनी शोरूमसाठी राखून ठेवली होती, काचेची भिंतसुद्धा मागवून झाली होती. त्या जागेसाठी मी जितका भांडलो तितका उभ्या आयुष्यात पगारासाठी भांडलो नाही. शेवटी मी त्यांना रोजच्या सात गाड्यांच्या नुकसानीचा तीन महिन्यांचा हिशेब एका कागदावर मांडून दिला. काचेची भिंत परत गेली.

कंटेनर उतरवणे पहाटे पाच ते नऊ केले, आणि पश्चिमेच्या बाजूला नवे दार पाडून त्यावर पुढे आलेले छप्पर घातले. सकाळी त्या बाजूला सावली असते. नवे दार पडल्यावर माझ्या लाडक्या यू-आकाराचा एक पाय लांबला आणि सुपरवायझरची एकाच जागेवरून दोन्हीकडे नजर ठेवायची सोय गेली. जाऊ दे.

आणि त्याच वेळी बॅटरीची खोली हलवली. लाइनपासून दोन मीटरवर तीन दिवसांचे पॅक रचून ठेवले होते, ते मला आता झोप लागू देईनात. शेडच्या बाहेरच्या भिंतीला, स्वतःचे वेगळे दार असलेली, वातानुकूलित खोली केली. लाइनजवळ एका वेळी एकच पॅक. अंतर दोन मीटरचे तीस मीटर झाले. मालक म्हणाले, "तुम्हीच सांगत होता ना, चालणे म्हणजे नुकसान?" मी म्हटले, फोर्कलिफ्टची एक फेरी चार मिनिटांची आहे आणि पॅक लागतो वीस मिनिटांतून एकदा. उरलेली सोळा मिनिटे ती फोर्कलिफ्ट दुसरी कामे करते. या फेरीची किंमत शून्य. आकुर्डीसारखा अर्ध्या मिनिटाचा टॅक्ट असता तर फोर्कलिफ्टने हे जमलेच नसते. तिथे तीस मीटरसाठी कन्व्हेयर टाकावा लागला असता आणि आगीपासूनचे अंतर राखायला भिंत, दार, पाण्याचे फवारे असे सगळे वेगळे उभारावे लागले असते. आमचा वेग कमी होता म्हणून आम्हाला सुरक्षितता स्वस्तात मिळाली.

जुलैअखेर गाड्या २३ वर आल्या, ऑगस्टमध्ये २४. माणूस एकही वाढवला नाही, यंत्र एकही घेतले नाही. गंमत म्हणजे तो कागलकर फिटर खिशात पावले मोजायचे यंत्र ठेवायचा, बायकोने डॉक्टरांच्या सल्ल्यावरून गावाहून पाठवले होते. पूर्वी त्याची पाळीत अकरा किलोमीटर चाल व्हायची, ती चारवर आली. आता संध्याकाळी मुद्दाम फिरायला जावे लागते, अशी त्याची माझ्याकडे तक्रार आहे.

त्या कंपनीत मी आता महिन्यातून एकदा जातो. आठ ताटांची जागा जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली आहे. हिवाळ्यात ती बरीचशी रिकामी असते, आणि दर जानेवारीत मालक मला तिथे घेऊन जातात, हात मागे बांधून उभे राहतात आणि विचारतात, "इथे एक छोटेसे शोरूम बसेल, नाही का?"